झेंडूच्या हारातला जोएल

ब्रिजिता मच्याडोच्या नजरेत आधी भरला तो हार. झेंडूचा, मनगटाएवढा जाड, मधूनमधून आंब्याचं पान ओवलेला, दसऱ्याला नव्या टेंपोच्या तोंडावर चढवतात तसला. वेदीसमोर पांढरी चादर घातलेलं लांब टेबल होतं. त्यावर गावोगावच्या घरांतले फोटो ओळीने मांडलेले, प्रत्येकापुढे एकेक मेणबत्ती, कुणी फार तर दोन शेवंतीची फुलं ठेवलेली. आणि त्या सगळ्या शिस्तीच्या मधोमध हा पिवळाजर्द हार. काचेवर कुंकवाचा ठसठशीत टिळासुद्धा होता. कुणी आणलं असेल हे ध्यान, असं मनात म्हणून तिने नाक मुरडलं. ब्रिजिताला नाक मुरडायला फार मोठं निमित्त लागत नसे.

तिच्या हातात नवऱ्याचा, पास्कूचा फोटो होता. टेबलावर जागा तेवढी त्या हाराशेजारीच उरली होती. नाइलाजाने तिथे फ्रेम टेकवायला ती वाकली, हार जरा बाजूला सारला, आणि हाराच्या आतून जोएल तिच्याकडे बघून हसला.

जोएल. तिचा मुलगा. तेच किंचित पुढे आलेले दात, तीच डावी भुवई मोडलेली, लहानपणी विहिरीच्या काठावर आपटला होता तेव्हाची. दाढी मात्र नवीन होती. अंगात खाकी शर्ट, मागे कुठलीशी पिवळी क्रेन. ब्रिजिताच्या हातातली फ्रेम सुटली, पण टेबलावर पडली म्हणून वाचली. मागून येणाऱ्या ॲग्नेसने तिला दंडाला धरलं.

"काय झालं गं? चक्कर आली? सकाळची गोळी विसरलीस वाटतं?"

ब्रिजिताने नुसती मान हलवली. ॲग्नेसने तिला तिसऱ्या बाकावर नेऊन बसवलं आणि पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली.

हा घोटाळा समजायचा तर गेल्या रविवारी काय ठरलं होतं ते सांगायला हवं. कर्जतच्या या छोट्या चर्चला फादर ग्रेगरी नुकतेच आले होते. वयाने तरुण, बोलायला गोड आणि नवं काही करायची भारी हौस. त्यांनी प्रवचनात सांगितलं, "एक नोव्हेंबर म्हणजे सर्व संतांचा सण. ज्यांची नावं कॅलेंडरात आहेत त्यांना वर्षात त्यांचा त्यांचा दिवस मिळतोच. पण ज्यांची नावं कुठेही लागली नाहीत आणि तरी जे देवाच्या घरी पोचले, त्यांचं काय? तुमची आजी असेल, एखादी दाई असेल, मरेपर्यंत कुणाचं वाईट न चिंतलेला शेजारी असेल. त्या सगळ्यांचा मिळून हा एक सण. तर ज्याच्यात तुम्ही स्वतः देवाची माया पाहिली, अशा तुमच्या एका माणसाचा फोटो आणा. दोन तारखेला आपण मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो. एक तारखेला उलटं. आपण त्यांना सांगायचं, आता तुम्ही आमच्यासाठी करा."

मग बोट वर करून ते हसत म्हणाले होते, "पण गेलेल्यांचेच फोटो हं. जिवंत माणसाला आपण कधी संत म्हणत नाही. शेवटच्या श्वासापर्यंत कोण कुठे घसरेल, कुणी सांगावं?"

सगळे हसले होते. ब्रिजितासुद्धा हसली होती. आणि आता तेच वाक्य तिच्या डोक्यात घण घालत होतं. गेलेल्यांचेच फोटो. म्हणजे जो त्या टेबलावर तो मेलेला. यात दुसरा अर्थच निघत नव्हता. लहानपणापासून तिने हेच ऐकलं होतं, हेच मानलं होतं. जोएल मेला होता. कधी मेला, कशाने मेला, कुणी पुरला, का जाळला, तिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि कुणीतरी परक्याने त्याला हार घालून इथे आणून ठेवला होता.

घंटा वाजली, मिस्साची प्रार्थना सुरू झाली. सगळे उभे राहिले म्हणून तीही उभी राहिली.

तिच्या शेजारी उभ्या असलेल्या ॲग्नेसला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ॲग्नेस शेलूला तिच्याच इमारतीत राहायची, रोज संध्याकाळी येऊन बसायची, घरच्या सुनेच्या कागाळ्या सांगायची आणि वर म्हणायची, "तुझं बरं आहे बाई, मूलबाळ नाही तर हा ताप नाही." ब्रिजिता यावर गप्प राहायची. शेलूला आल्यापासून ती गप्पच राहिली होती. मुलं किती, असं कुणी विचारलं की ती "नाहीत" म्हणायची, आणि इतक्या सहज म्हणायची की पुढे तिला स्वतःलाही ते खोटं वाटेनासं झालं होतं.

खरं तर जोएल पोटात असतानाच तिने त्याला देवाला देऊन टाकला होता. वसईकडच्या त्यांच्या गावात ज्या घरात एक फादर झाला त्या घराचा थाट वेगळा. त्याच्या आईला सणाला पहिल्या बाकावर जागा, लग्नकार्यात आधी तिला विचारायचं. दोन पोरं जन्मताच गेली होती, तेव्हा तिसऱ्याच्या वेळी ब्रिजिताने नवस केला, हा जगला तर तुझा. तो जगला. शहाणा निघाला, गळा गोड होता, फादर व्हायचं शिक्षण घ्यायला आपल्या पायाने सेमिनरीत गेला. दीक्षा काही महिन्यांवर आली. ब्रिजिताने मंडपवाल्याला सांगून ठेवलं, बँड ठरवला, वेदीवर घालायच्या झग्यासाठी रेशीम आणून नणंदेकडून त्यावर गव्हाच्या ओंब्या भरून घेतल्या. सगळ्या आळीला आमंत्रणं तोंडी देऊन झाली होती, आणि एका दुपारी जोएल पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "आई, मला ते जमणार नाही. मी खोटा फादर होईन."

ब्रिजिताने त्याला आत घेतलं नाही. पास्कू मागून "अगं, पोराला पाणी तरी दे" म्हणत होता. तिने दारातच सांगितलं, "तू मला मेलास. आजपासून मला मुलगा नाही." असं रागाच्या भरात पुष्कळ आया म्हणतात आणि संध्याकाळी ताट वाढतात. ब्रिजिताने ताट वाढलं नाही. जोएल ट्रंक उचलून गेला. गावात तोंड दाखवायची लाज वाटून तिनेच पास्कूच्या मागे लागून केळीची वाडी विकायला लावली आणि कुणी ओळखीचं भेटणार नाही अशा शेलूला येऊन फ्लॅट घेतला.

पास्कू वाडीवाचून सुकत गेला. शेवटच्या दुखण्यात त्याने एकच धोशा लावला होता, जोएलला बोलव. वसईच्या एका भाच्याकडे जोएलचा नंबर होता, हे ब्रिजिताला माहीत होतं. ती "बघू" म्हणाली. दुसऱ्या दिवशीही "बघू" म्हणाली. मग बघायला पास्कू राहिला नाही. त्याला याच चर्चच्या मागे पुरला, तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी मुलंबाळं किती विचारलं, आणि ती नेहमीच्या सवयीने "नाहीत" म्हणाली.

आता वेदीवर वाचन चाललं होतं आणि तिला शब्द ऐकू येत होते पण कळत नव्हते. तू मला मेलास. ती म्हणाली होती आणि तो मेला होता. आईची जीभ अशी लागते का? कशाने मेला असेल? अपघात? ताप? उपाशी मेला? शेवटी त्याने कुणाला हाक मारली असेल? तिला स्वतःची इतकी भीती वाटली की दोन्ही हातांनी तिने पुढच्या बाकाची फळी घट्ट धरली.

फोटो आणला कुणी, एवढं तरी कळायला हवं होतं. तिने हळूच मागे वळून पाहिलं. असा हार घालणारं माणूस आपल्यातलं नव्हे, हे उघड होतं. आणि शोधायलाही लागलं नाही. सगळ्यात मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी, तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोघांनी चपला दाराबाहेर काढलेल्या. म्हातारा देवळात बसतात तसा मांडी घालून बाकावर बसला होता आणि फादर जे जे म्हणतील त्याला हात जोडत होता.

उठून त्यांना जाऊन विचारायचं, एवढंच करायचं होतं. पण विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं, तो माझा कोण. ॲग्नेस ऐकणार, सगळं चर्च ऐकणार. इतकी वर्षं निपुत्रिक म्हणून ज्यांची कणव घेतली, त्यांच्यासमोर म्हणायचं, मला मुलगा होता आणि मीच त्याला दारातून हाकलला. मिस्सा संपल्यावर बाहेर गाठून हळूच विचारू, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण तेवढा वेळ धीर कुठून आणायचा, हे तिला कळत नव्हतं.

कम्युनियनचा प्रसाद वाटून झाला. फादर ग्रेगरी वेदीवरून उतरून टेबलापाशी आले.

"आता मी एकेक फोटो उचलेन. ज्याने आणलाय त्याने जागेवर उभं राहून नाव सांगायचं आणि दोनच शब्द बोलायचे. भाषण नको, सगळ्यांना भूक लागली आहे."

कुणाची आजी झाली, जी घरच्यांच्या आधी भिकाऱ्याला वाढायची. कुणाचा रेल्वेतला काका झाला. नेरळची एक मुलगी आपल्या शाळेतल्या बाईंबद्दल बोलता बोलता रडली. एकेक करत पाळी हाराजवळ येत होती. मग फादरांनी पास्कूची फ्रेम उचलली.

ब्रिजिता उभी राहिली. घरून निघताना तिने मनात छान दोन वाक्यं जुळवली होती. त्यातला एकही शब्द आठवेना.

"माझे यजमान. पास्कोल," ती म्हणाली. "कुणावर कधी रागावले नाहीत."

फादरांनी मान डोलावली, फ्रेम ठेवली आणि शेजारचा हारवाला फोटो उचलला. ब्रिजिता खाली बसायला विसरली.

"आणि हे कोण? फार तरुण दिसताहेत."

मागच्या बाकावर खुडबुड झाली. टोपीवाला म्हातारा उठायच्या आत ब्रिजिताच्या तोंडून शब्द गेले होते. किती ठरवलं असतं तरी तिला ते अडवता आले नसते.

"माझा मुलगा."

"आमचा हाय त्यो," त्याच वेळी मागून आवाज आला.

सगळं चर्च आधी पुढे वळलं, मग मागे वळलं. ॲग्नेसने तोंडावर हात ठेवला. "मुलगा?" ती पुटपुटली. "तुला?"

ब्रिजिता तिच्याकडे न बघता बाकातून बाहेर पडली. मधल्या वाटेने ती त्या म्हाताऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. तिचा आवाज मोठा निघाला.

"कधी वारला? मला सांगा. कधी आणि कशाने वारला माझा जोएल?"

म्हाताऱ्याचे डोळेच पांढरे झाले. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे.

"वारला?" तो म्हणाला. "कोन वारला? काय अभद्र बोलताव बाई सनाच्या दिशी? सकाळी तर फोनवर बोललो मी त्याच्याशी!"

"जोएलशी?"

"मंग कोनाशी? कुंभिवलीला हाय त्यो. चांगला जित्ता हाय. आमचा हर्षद त्यालाच आनायला गेलाय टेंपो घेऊन."

ब्रिजिताने बाकाची कड धरली आणि जिथे होती तिथेच, वाटेच्या मधोमध, फरशीवर बसली. आनंदाने माणूस हसतं म्हणतात. तिला हसूही येईना, रडूही येईना. मेलेला मुलगा दोन वाक्यांत उठून बसला होता आणि शेलूपासून दुपारच्या जेवणाआधी जाऊन परत यावं इतक्या जवळ होता. ती त्याला आखातात कुठेतरी गेलेला समजत होती.

फादर ग्रेगरींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. हार घातलेला जिवंत माणसाचा फोटो हातात, आणि तोही सर्व संतांच्या टेबलावरचा. त्यांनी तो घाईने खाली ठेवला, मग ठेवणं बरं दिसणार नाही म्हणून परत उचलला.

"काका," ते म्हणाले, "अहो, मी सांगितलं होतं, फक्त गेलेल्यांचे फोटो. जिवंत माणसाला संत म्हणत नाहीत."

"आमाला कुटं काय सांगितलंत? आमी पोशीर गावची मानसं," म्हातारा म्हणाला. त्याचं नाव नागू, बायकोचं शकू. "जोएलच बोलला व्हता, एक तारखेला आमचा मोठा सन, ज्यांचं नाव कोनाला ठावं नाय अशा संतांचा. हितं त्यांचे फोटू मांडनार, ते बी कानावर आलं. मंग आमी म्हनलं, आपल्या ठावक्यात तर ह्यो एकच हाय. आनि फादर, संत म्हनायला मानसानं मरायलाच पायजे व्हय?"

दोन-चार माणसं हसली.

"पण हार!" ब्रिजिता फरशीवरून ओरडली. तिचा जीव अजून ठिकाणावर आला नव्हता. "जिवंत माणसाच्या फोटोला हार कसा घातलात तुम्ही? कुंकू लावलंत?"

"का म्हनजी?" शकूबाई पुढे झाली. तिला आता खरंच राग आला होता. "आमच्या देवाच्या फळीवर असतो त्याचा फोटू. देवांना हार घालते तवा त्यालाबी घालते. देवांना कुंकू लावते तवा त्यालाबी लावते. मेलेल्यांचे फोटू आमचे भाईर ओटीवर टांगलेले हायत. ते येगळे, हे येगळे. येवढं बी कळत नाय का तुमाला?"

ब्रिजिताला कळलं. टेबलावरच्या एका फोटोकडे दोन बायकांनी पाहिलं होतं, आणि एकीला त्यात देव दिसला होता तर दुसरीला प्रेत. आणि प्रेत पाहणारी त्याची आई होती. ती लाजेने इतकी लहान झाली की ॲग्नेसने उठवायला पुढे केलेला हातसुद्धा तिला घेववेना.

शेवटचा आशीर्वाद फादरांनी घाईघाईत उरकला. लोक बाहेर आले पण घरी कुणी जाईना. भुकेची गोष्ट सगळे विसरले होते. घोळक्याघोळक्याने उभं राहून एकमेकांशी भाताच्या कापणीबद्दल बोलायचं आणि कान पायऱ्यांकडे लावायचे, असं चाललं होतं. पायऱ्यांवर ब्रिजिता आणि शकूबाई बसल्या होत्या. नागूने हर्षदला फोन लावला होता. चौक गाव ओलांडलं, येतोच, असं तो म्हणाला होता.

"त्यो तुमचा मुलगा, मंग तुमी इतकी वर्सं कुटं व्हत्या गं बाई?" शकूबाईने विचारलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"मी त्याला घराबाहेर काढला होता."

"काय चोरी केली व्हती त्यानं?"

"नाही. फादर व्हायला नको म्हणाला."

शकूबाईने बराच वेळ विचार केला. तिला त्यात काढून टाकण्याजोगं काही सापडलं नसावं. मग ती सांगू लागली. हर्षद कुंभिवलीच्या एका कंपनीत कामाला होता. पाळी सुटल्यावर बाईकने घरी निघाला आणि वळणावर एक कंटेनर त्याच्या अंगावर कलंडला. अर्धवट कलंडला, आणि खाली हर्षद. लोक जमले, फोटो काढू लागले. जोएल तिथल्या एका क्रेनवर कामाला होता. क्रेन लावून कंटेनर उचलायला वेळ लागणार आणि मधल्या वेळात तो पुरता बसणार, हे त्याला कळलं. तो आडवा होऊन खाली शिरला.

"माझ्या पोराला त्यानं पायानं भाईर ढकलला. आनि सवता निगायच्या आत वरचं धूड बसलं. हातावर बसलं गं. डावा हात." शकूबाईने स्वतःच्या कोपराच्या वर बोट ठेवलं. "हितून काढला डाक्टरांनी."

ब्रिजिताने तिच्या त्या बोटाकडे पाहिलं. काय ऐकलं ते तिच्या आत जायला वेळ लागला. मग तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, आणि गप्पा मारण्याचं सोंग करणारे सगळे एकदम गप्प झाले. तान्हेपणी जोएलला डाव्याच हाताचा अंगठा चोखायची सवय होती आणि ती सोडवायला तिने त्याला कडुनिंबाचा रस लावला होता. तो हात आता कुठेच नव्हता. आणि ते घडून इतका काळ लोटला तरी तिला साधं स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं.

"दवाखान्यात आमी इचारलं, घरचं कोन हाय, बोलावतो. त्यो म्हनला, घरचे हायत, बरे हायत, त्यांना तरास नको." शकूबाईने पदराने नाक पुसलं. "आता क्रेनच्या हापिसात फोनवर बसतो. आयतवारी आमच्याकडं जेवाय येतो. माशाचं कालवन मातर तुमच्यासारकं जमत नाय म्हनतो मला."

ब्रिजिता आता उघड रडत होती. पण रडण्याच्या आत कुठेतरी एक वेडी आशाही धावत सुटली होती. तो जिवंत आहे. तो येतो आहे. तिच्या कालवणाची आठवण काढतो. त्याला काय म्हणायचं? आधी माफी मागायची की आधी जेवलास का विचारायचं? शेलूला घरी न्यायचं, आतली खोली त्याला द्यायची, ॲग्नेसला सांगायचं, हा माझा मुलगा, बघून घे. देवाने सगळं भरून दिलं होतं. आज, सर्व संतांच्या सणाला, मेलेला मुलगा परत दिला होता, आणखी काय हवं?

टेंपो फाटकातून आत आला. चालवणारा हर्षद दात काढून हसत होता, कारण त्याला वाटत होतं की जोएलला न सांगता त्याच्या फोटोपाशी आणायच्या आपल्याच बेतासाठी ही सगळी गर्दी जमली आहे. दुसऱ्या बाजूचं दार उघडून जोएल खाली उतरला. शर्टाची डावी बाही दुमडून वर टाचली होती. तो नागूला काहीतरी विचारायला वळला आणि अर्ध्यातच थांबला.

"आई?"

ब्रिजिता उभी राहिली, पण पुढे जाता येईना. तोच चालत आला. पायऱ्यांशी येऊन तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला जे जे ऐकायची भीती होती त्यातलं काहीच त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. तो घाबरला होता, एवढंच. लहानपणी उशिरा घरी आल्यावर दारात उभा राहायचा तसा.

"मी आत नाही येत," तो म्हणाला. "हर्षद म्हणाला, काका-काकूंना घ्यायचंय. मला माहीत नव्हतं तू इथे असशील. मी जातो हवं तर."

"नाही रे," ती म्हणाली. "जाऊ नकोस. जाऊ नकोस, बाळा."

त्याचा चेहरा एकदम उजळला. इतक्या लवकर उजळला की बघणाऱ्यालाही दुखावं. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. दारातून बाहेर येणाऱ्या एकेका माणसावरून ती फिरली, चर्चच्या आत गेली, परत आली.

"पप्पा कुठायत?" तो हसत म्हणाला. "अजून आत प्रार्थना करत बसलेत ना? सगळे निघाले तरी उठायचे नाहीत ते. हाक मार ना त्यांना. नको, थांब, मीच जातो."

ब्रिजिताच्या काळजात चर्र झालं. सकाळपासून ती त्याच्या मरणाचा हिशेब मागत फिरत होती, कुणी कळवलं नाही म्हणून आतून फुटत होती. आणि याला कुणी कळवलं होतं? तो दोन पायऱ्या चढला होता. तिने त्याचा शर्ट पकडला.

"जोएल, पप्पा नाहीत."

"घरी आहेत? गुडघे दुखतात का त्यांचे?"

"पप्पा गेले. मागच्या पावसाळ्यात."

तो हसूच विसरला असं नाही. हसू तिथेच राहिलं, त्यामागचा माणूस निघून गेला. मागे नागूने टोपी काढली. शकूबाई "अगं बाई" म्हणाली आणि पदर तोंडात धरून बसली.

"मला कुणी सांगितलं नाही," जोएल हळूच म्हणाला, जणू चूक त्याचीच असावी.

खोटं बोलायला तिला अजूनही जागा होती. नंबर नव्हता, शोधलं, सापडला नाहीस. शेलूत ती याहून मोठं खोटं सहज बोलली होती.

"मी सांगू दिलं नाही," ती म्हणाली. "तुझा नंबर होता. ते शेवटपर्यंत तुला बोलव म्हणत होते. मी बोलावलं नाही."

फाटकाबाहेर रस्त्यावरून एक बस गेली. जोएल पायरीवर बसला. उरलेल्या हाताने त्याने डोळे झाकले.

"मातीला तरी बोलवायचं होतंस, आई," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात हातात घ्यायला म्हणून तिने हात पुढे केला, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ती त्याच्या डाव्या बाजूला बसली आहे.